डोंगरी सायकलीचे भाग किती टिकतात ?

सायकल विकत घेतांना घरांतील वडील माणूस दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतो : "ही किती दिवस टिकेल ?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें सरळ उत्तर दुकानदाराजवळ नसतें. "दहा वर्षें कांहीं पाहावयाला नको," असें म्हणून तो वेळ मारून नेतो. जुन्या काळच्या काळ्या, जड आणि एकाच गतीच्या सायकलीच्या बाबतींत हें उत्तर खपूनही जात असे. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत बापानें वापरलेली सायकल मुलानें कॉलेजांत नेल्याचीं उदाहरणें घरोघर सांपडत. त्या सायकलीची साखळी पुष्कळदां पत्र्याच्या पेटींत झांकलेली असे, तिचा वेग बेताचा असे, आणि तिचा प्रवास घर, शाळा, कचेरी व मंडई एवढ्यांतच संपत असे.

आतां त्याच घरांत माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल, आलेली असते. रुंद आणि खांचदार टायर, धक्का गिळणारा पुढचा चिमटा, मागच्या चाकावर लहानमोठ्या दहा-बारा दातेरी चक्रांचा संच, आणि चाकाच्या मध्याजवळ पोलादी चकतीवर लागणारा ब्रेक, असा तिचा थाट असतो. मुलगा दर रविवारीं ती घेऊन डोंगराकडे जातो. वर्ष-दीड वर्ष लोटतें न लोटतें तोंच दुकानदार सांगतो कीं, साखळी गेली, मागचा संच गेला, ब्रेकचे पॅडही संपले. खर्चाचा आंकडा ऐकून घरधनी मनांत म्हणतो, एक तर माल हलका असला पाहिजे, नाहीं तर दुकानदार लबाड असला पाहिजे. बहुतेक वेळां या दोन्ही शंका निराधार असतात. ज्या कामासाठीं हें यंत्र निर्माण झालें, त्या कामांतच त्याच्या झिजेचें कारण आहे. तें कारण कळलें तर खर्च पुष्कळ कमी करतां येतो, आणि उतारावर जिवावर बेतणारे प्रसंगही टळतात.

या सायकलीचें बाळपण झिजेच्याच एका कथेशीं निगडित आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नांवाचा परगणा आहे. तेथील कांहीं तरुण १९७० नंतरच्या वर्षांत, चाळीसएक वर्षांपूर्वींच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली मिळवून त्या डोंगरांतील धुळीच्या वाटांनीं भरधाव खालीं आणीत. फेअरफॅक्स गांवाजवळच्या अशाच एका वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लावली. वाटेची लांबी सुमारें दोन मैल होती, आणि तेवढ्यांत ती सुमारें १३०० फूट खालीं उतरत होती. या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे, व पेडल उलट दाबलें कीं तो लागे. पायथ्याशीं पोचेपर्यंत हब इतका तापे कीं त्यांतील ग्रीसचा धूर होऊन जाई. पुढच्या खेपेपूर्वीं हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. पुन्हां भरण्याच्या या क्रियेला इंग्रजींत जो शब्द आहे, तोच "रीपॅक" हा शब्द त्या वाटेचें आणि शर्यतीचें नांव होऊन बसला.

जुन्या सांगाड्यांना हे हाल फार दिवस सोसणारे नव्हते. त्याच मंडळींतील जो ब्रीझ या कारागिरानें १९७७ सालीं क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादी नळ्यांचा, मुद्दाम या कामासाठीं आंखलेला सांगाडा तयार केला. ती सायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांत आहे. १९८१ सालीं कारखान्यांत मोठ्या संख्येनें तयार झालेली डोंगरी सायकल दुकानांत आली, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत तिच्या शर्यतीला स्थान मिळालें. वीस वर्षांत हें यंत्र इतकें बदललें, तरी रीपॅकच्या वाटेवर जो प्रश्न उभा राहिला तो कायमच राहिला. सडकेसाठीं जन्मलेलें यंत्र जेथें सडक नाहीं तेथें नेलें, तर त्याचे घांसणारे भाग किती काळ तग धरतील, हा तो प्रश्न होय.

झीज म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांवर डोंगर आणि दऱ्या दिसतात. ते एकमेकांवर दाबून घांसले कीं हे सूक्ष्म सुळके मोडतात आणि त्यांचा चुरा निघतो. आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानें १९५३ सालीं या गोष्टीचा एक सोपा नियम मांडला. झीज ही दाबाच्या व घांसलेल्या अंतराच्या सम प्रमाणांत वाढते, आणि झिजणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणांत कमी होते. त्रैराशिक शिकलेल्या कोणालाही हा नियम समजण्यासारखा आहे. दाब दुप्पट केला तर झीज दुप्पट होते, आणि पदार्थ दुप्पट कठीण घेतला तर ती निम्मी होते. मध्यें वंगणाचा पापुद्रा असला तर सुळके एकमेकांना भिडतच नाहींत, आणि झीज फारच थोडी होते. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालण्यामागें हेंच शास्त्र आहे.

परंतु डोंगरावर या दोन पृष्ठभागांच्या मध्यें एक तिसरा पदार्थ शिरतो, आणि तो म्हणजे वाळूचा कण. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक जुनी मोजपट्टी आहे. तिच्यांत अगदीं मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा अंक दिलेला आहे. वाळूंतील क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा पदार्थ, तिच्यावर ७ व्या पायरीवर बसतो, आणि साधें पोलाद त्याच्या बरेंच खालीं असतें. अर्थात् वाळूचा कण पोलादाला ओरखडे काढतो, पोलाद त्याचें कांहीं करूं शकत नाहीं. तेल आणि वाळू एकत्र झालीं कीं त्यांचा जो काळा लेप बनतो, तो गुणानें मोटारच्या कारखान्यांत व्हॉल्व्ह घांसण्यासाठीं वापरतात त्या लेपासारखाच असतो. ज्या तेलानें झीज थांबावयाची, तेंच तेल धूळ धरून ठेवून झिजेचें हत्यार बनतें.

म्हणून किती मैल प्रवास झाला, यापेक्षां तो कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या हवेंत झाला, हें अधिक महत्त्वाचें ठरतें. इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या उत्तरेस एक खरबरीत वालुकाश्म आहे. त्याला जात्याच्या दगडावरूनच नांव पडलें आहे, कारण पूर्वीं त्याच्या तळ्या घडवून दळणासाठीं विकल्या जात. जात्याची तळी हेंच आज तेथील राष्ट्रीय उद्यानाचें बोधचिन्ह आहे. त्या दगडाची भिजलेली वाळू घेऊन हिंवाळ्यांत सायकल चालविणें म्हणजे साखळी जात्यांत घालण्यासारखेंच आहे. उलट अमेरिकेंतील यूटा संस्थानांत मोअॅब गांवाजवळ उघड्या वालुकाश्माचे विस्तीर्ण खडक आहेत. तेथें हवा कोरडी असल्यानें चिखलाची पीडा थोडी, परंतु खडकाचा पृष्ठभाग पॉलिश कागदासारखा असल्यानें टायरांवर त्याचा कर बसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार-पांच हजार किलोमीटर चालणारी साखळी चिखल आणि वाळू यांत एक हजार किलोमीटरांच्या आंतही निकामी होऊं शकते, तें यामुळेंच.

आतां एकेका भागाकडे वळूं या. त्यांत साखळीला पहिला मान दिला पाहिजे, कारण ती स्वतः झिजतांना दुसऱ्यांनाही झिजविते. आजच्या साखळीचा मूळ नमुना हान्स रेनॉल्ड या स्विस यंत्रज्ञानें १८८० सालीं मँचेस्टर येथें काढला. साखळींत पट्ट्या असतात, पट्ट्यांना जोडणारे खिळे असतात, आणि खिळ्यांभोंवतीं फिरणारे लहान रूळ असतात. एका खिळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचें अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतें. साखळी दांत्यावर चढतांना व उतरतांना प्रत्येक सांधा वांकतो व पुन्हां सरळ होतो, आणि त्या वेळीं खिळा आपल्या भोंकांत घांसतो.

"साखळी लांबली" असें आपण म्हणतों, तेव्हां पट्ट्या रबरासारख्या ताणलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यांत खिळा व भोंक थोडें थोडें झिजलेलें असतें, आणि त्या झिजांची बेरीज लांबी म्हणून दिसते. शेंकडा अर्धा या प्रमाणांत साखळी लांबली, तर एका सांध्यांतील फरक सुमारें ०.०६ मिलिमीटर भरतो. माणसाच्या डोक्यावरचा केंस साधारण तितकाच जाड असतो. एका केंसाच्या जाडीनें काय बिघडणार, असें वाटेल. परंतु दांत्यांमधील अंतर कायम आहे आणि साखळीच्या सांध्यांमधील अंतर वाढलें आहे, हा विसंवाद संबंध संचाला भोंवतो. लांबलेली साखळी दांत्यांच्या तळाशीं नीट बसत नाहीं. ती वर चढून बसते, सगळा जोर थोड्याच दांत्यांवर पडतो, आणि ते दांते एका बाजूनें खरडले जाऊन माशाच्या गळासारखे वांकडे दिसूं लागतात.

ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, अशी म्हण आहे. साखळी आणि दातेरी संच यांना ती अक्षरशः लागू पडते. पुष्कळ दिवस बरोबर झिजलेलीं हीं दोघें एकमेकांशीं गोडीनें नांदतात, म्हणून स्वाराला कांहींच कळत नाहीं. मग एके दिवशीं साखळी तुटते, नवी साखळी घातली जाते, आणि चढावर पेडल जोरानें दाबतांच ती गळासारख्या दांत्यांवरून उसळते. पाय एकदम रिकामा जातो, आणि स्वार हँडलावर आदळतो. मग संचही बदलावा लागतो, आणि पुष्कळदां पुढचें चक्रही. संचाची किंमत एका साखळीच्या कितीतरी पट असते. तीच साखळी वेळेवर बदलली असती, तर एका संचावर दोन किंवा तीन साखळ्या सहज निभावल्या असत्या.

ही वेळ ओळखण्यासाठीं मोठ्या उपकरणाची गरज नाहीं. शाळेंतील कंपासपेटींत असते तशी, परंतु पुरी बारा इंचांची आणि शक्यतों पोलादी पट्टी घ्यावी. साखळी ताणलेली ठेवून पट्टीचें टोंक, म्हणजे शून्य, एका खिळ्याच्या मध्यावर धरावें, आणि तेथून चोविसावा खिळा पाहावा. नव्या साखळीचा तो खिळा बरोबर १२ इंचांच्या रेघेवर असतो. तो रेघेपुढें एक-षोडशांश इंच गेला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ आली. अकरा-बारा चक्रांच्या संचाला अरुंद साखळी लागते, तिच्या बाबतींत तर मुळींच चालढकल करूं नये. तोच खिळा एक-अष्टमांश इंच पुढें गेला असेल, तर संचही गेला असें समजावें. ज्याच्या घरीं डोंगरी सायकल आहे त्यानें महिन्यांतून एकदां हें माप घेतलें, तर त्याला दोन मिनिटें लागतात, आणि वांचणारी रक्कम लहान नसते.

वंगणाच्या बाबतींत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. साखळी बाहेरून तेलानें चमकत असली म्हणजे तिची सेवा झाली, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तेलाचें काम खिळा व रूळ यांच्या आंत आहे. बाहेरचें तेल धूळ गोळा करण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. म्हणून प्रथम साखळी फडक्यानें स्वच्छ पुसावी, मग प्रत्येक रुळावर एक-एक थेंब सोडावा, पेडल उलट फिरवून तेल आंत मुरूं द्यावें, आणि कांहीं वेळानें बाहेरचें सर्व तेल पुसून टाकावें. कोरड्या दिवसांत पातळ वंगण आणि पावसांत दाट वंगण चांगलें. कित्येक चोखंदळ लोक साखळी स्वच्छ करून वितळलेल्या मेणांत बुडवितात. मेण थिजल्यावर कोरडें असतें, त्याला धूळ चिकटत नाहीं, आणि साखळी अधिक टिकते. परंतु पावसांत त्याचें संरक्षण लवकर संपतें, व साखळी न पुसतां ठेवली तर ती गंजते, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

आतां ब्रेकचा विचार करूं. येथें पैशापेक्षां जीव मोलाचा आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरावें, आणि रीपॅकच्या वाटेइतका, म्हणजे सुमारें ४०० मीटरांचा उतार धरावा. एवढ्या उतारांत जी शक्ति मोकळी होते, ती एक लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. तिच्यांतील कांहीं भाग वारा आणि जमीन घेतात, परंतु हळू उतरणाऱ्या स्वाराच्या बाबतींत बहुतेक उष्णता ब्रेकच्या लहानशा पॅडांनाच सोसावी लागते. चहाचें मोठें आधण ज्या उष्णतेवर होतें, ती बोटभर रुंदीच्या तुकड्यांवर येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पॅड इतक्या लवकर कां संपतात याचें नवल वाटेनासें होतें.

पॅड मुख्यतः दोन जातींचे असतात. एका जातींत तंतू व भुकटी राळेनें बांधलेली असते. ते पॅड आवाज करीत नाहींत आणि चटकन् पकड घेतात, परंतु चिखलांत व फार उष्णतेंत भराभर झिजतात. दुसऱ्या जातींत धातूची भुकटी दाबून व भाजून घट्ट केलेली असते. ते पुष्कळ टिकतात, परंतु आवाज करतात आणि चकतीलाही अधिक खातात. कांहीं चकत्या पहिल्याच जातीसाठीं केलेल्या असतात, म्हणून चकतीवरील सूचना वाचल्याखेरीज दुसरी जात घालूं नये. ओल्या वाळूच्या वाटेवर राळेचे नवे पॅड एका दिवसांत संपल्याचा अनुभव शर्यतींतील लोकांना नवा नाहीं, तर कोरड्या सौम्य वाटांवर तेच वर्षभर पुरतात. पॅडच्या पोलादी पाठीवरील घांसणारा थर अर्ध्या मिलिमीटरावर आला कीं तो बदलावा. चकती नवी असतांना बहुधा १.८ मिलिमीटर जाड असते, आणि ती १.५ पर्यंत उतरली कीं तिचें आयुष्य संपलें. पॅडवर तेलाचा शिंतोडा उडूं देऊं नये. एकदां तेल प्यालेला पॅड सहसा पूर्ववत् होत नाहीं.

चालविण्याच्या रीतीचाही येथें मोठा भाग आहे. घाबरलेला स्वार सबंध उतारभर ब्रेक अर्धवट दाबून धरतो. त्यामुळें चकतीला निवण्यास क्षणभरही उसंत मिळत नाहीं. कुशल स्वार वळणाआधीं ब्रेक जोरानें लावून वेग कमी करतो आणि मग तो सोडून देतो. ब्रेकच्या नळींत द्रव असेल तर तो कोणत्या जातीचा आहे हें माहीत असलें पाहिजे. एका जातीचा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो, आणि कालांतरानें तो कमी उष्णतेलाच उकळूं लागतो, म्हणून तो ठराविक मुदतीनें बदलावा लागतो. दुसरी जात खनिज तेलाची आहे, ती ओल शोषीत नाहीं. एकाच्या जागीं दुसरा घातला तर आंतील रबरी भाग बिघडतात, आणि ब्रेक ऐन वेळीं दगा देतो.

टायरांचें गणित त्यामानानें सोपें आहे. स्वाराचें अधिक वजन मागच्या चाकावर असतें, पेडलचा जोरही तेंच चाक जमिनीला देतें, आणि ब्रेक लावून घसरत नेण्याची हौसही त्याच्याच वांट्याला येते. म्हणून मागचा टायर आधीं झिजतो. तेव्हां नवा टायर मागें घालण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. मागचें चाक घसरलें तर सायकल सांवरतां येते, पुढचें घसरलें तर स्वार बहुधा पडतोच. म्हणून चांगला टायर पुढें असावा, व पुढचा अर्धा झिजलेला टायर मागें न्यावा. ज्या टायरांत ट्यूबऐवजीं भोंक बुजविणारा पातळ चीक घालतात, त्यांतील चीक दोन ते सहा महिन्यांत वाळतो, आणि उन्हाळ्यांत त्याहूनही लवकर. चाकाचा आऊट वेळेवर काढला नाहीं, तर कांहीं तारा ढिल्या आणि कांहीं अति ताणलेल्या राहतात, आणि मग त्या एकामागून एक तुटूं लागतात.

धक्का गिळणारा चिमटा आणि निरनिराळीं बेअरिंगें यांचें आयुष्य किलोमीटरांपेक्षां तासांत मोजण्याची पद्धति आहे. कारण डोंगरांत तासाभरांत पांच किलोमीटर होतात किंवा पंचवीसही होतात, परंतु चिमट्याचें वरखालीं होणें तासभर चालूच असतें. एका प्रसिद्ध निर्मात्यानें आपल्या चिमट्यांच्या खालच्या नळ्या ५० तासांनीं उघडून साफ करून त्यांत नवें तेल घालावें असें सुचविलें आहे. दर रविवारीं तीन तास सायकल चालविणाऱ्याला ही वेळ चार महिन्यांत येते. ती टाळली, तर नळ्यांच्या तोंडाशीं असलेल्या रबरी कड्यांतून आंत गेलेली धूळ चकचकीत नळीवर ओरखडे काढते, आणि थोड्या तेलाच्या जागीं महाग नळी घ्यावी लागते. बेअरिंगांचा शत्रु मुख्यतः पाणी. घाईनें स्वच्छता करावी म्हणून पुष्कळ जण मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानें सायकल धुतात. तो फवारा चिखल बाहेर काढतो खरा, परंतु पाणी रबरी झांकणांच्या आंत लोटतो, आणि छर्ऱ्यांभोंवतींचें ग्रीस धुवून नेतो. बादलीभर पाणी, ब्रश आणि फडकें यांनीं सायकल अधिक चांगली व स्वस्तांत धुतली जाते.

येथवर जे भाग सांगितले ते सर्व झिजतांना कांहीं ना कांहीं सूचना देतात. साखळी मापांत सांपडते, पॅड पातळ दिसतो, बेअरिंग करकरतें. परंतु कांहीं भाग झिजत नाहींत, ते एकाएकीं मोडतात. हँडल, त्याची मान, बैठकीची दांडी, पेडलचे दांडे हे भाग या वर्गांत येतात. धातूला वारंवार वांकविलें तर लहान जोरानेंही तो अखेर तुटतो, ही गोष्ट ऑगस्ट व्होलर या जर्मन यंत्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आगगाड्यांचे कणे तपासून सिद्ध केली. पोलादाच्या बाबतींत जोर एका ठराविक मर्यादेखालीं राहिला, तर तें जवळजवळ कितीही वेळां सहन करतें. अॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाहीं. लहान धक्क्यांचाही हिशेब त्याच्या आंत जमत राहतो. म्हणून अॅल्युमिनियमचें हँडल मोठ्या अपघातांत वांकलें तर तें सरळ करून वापरूं नये, तें बदलावें. कार्बनच्या तंतूंचे भाग हलके व बळकट असतात, परंतु जोराचा आघात झाल्यावर आंतील इजा बाहेरून दिसेलच असें नाहीं. त्यांचे स्क्रू अधिक आंवळले तरीही ते चिरडतात. दर महिन्यास या भागांवरून ओला फडका फिरवून बारीक चीर दिसते का हें पाहणें, आणि नवीन करकर ऐकूं आल्यास तिचें मूळ शोधणें, एवढी दक्षता घरांतील कोणीही घेऊं शकतो. साखळींत कसूर झाली तर पैसे जातात. हँडलाच्या बाबतींत कसूर झाली तर दांत आणि हाडें जातात.

एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं, अगदीं सारख्या दोन सायकली दोन भावांनीं घेतल्या अशी कल्पना करावी. थोरला चढ येण्याआधींच हलका गियर घालतो, पेडल हलकेंच पण भरभर फिरवितो, आणि घरीं आल्यावर साखळी पुसतो. धाकटा लहान चक्रावरच जोर काढतो, चढाच्या मध्यावर सगळा भार पेडलवर असतांना गियर बदलतो, आणि चिखलानें माखलेली सायकल तशीच जिन्याखालीं उभी करतो. लहान चक्राला दांते थोडे असल्यामुळें जोराची वांटणी थोड्यांतच होते, आणि प्रत्येक दांत्याची पाळीही लवकर येते. वर्षअखेरीस थोरल्याला एक साखळी लागेल, धाकट्याला साखळी व संच दोन्ही. कारखान्यानें दोघांना दिलें तें एकच होतें. फरक संवयींचा आहे.

महाराष्ट्रांतील स्वारांना यांत एक भर घालावी लागते, ती पावसाची. मुंबई-पुण्याची जी तरुण मंडळी सह्याद्रींत सायकली नेतात, त्यांना वर्षाचे दोन निराळे भाग करावे लागतात. जून ते सप्टेंबर या काळांत मावळांतील भातखाचरांच्या कडेचा चिकण चिखल साखळी आणि चिमटा यांच्यांत भरून बसतो, आणि ब्रेकचे पॅड पाहतां पाहतां उतरतात. पुढें हिंवाळा-उन्हाळ्यांत तीच माती बारीक धूळ होऊन तेलावर बसते, आणि काळ्या खडकाच्या धारदार कपऱ्या टायरांच्या कडा कापतात. तेव्हां पावसाळ्यांत प्रत्येक सहलीनंतर साखळी धुवून, पुसून, वंगण द्यावें. पॅड दर आठवड्यास पाहावे. आणि पावसाळा संपतांच एकदां संपूर्ण ओव्हरहॉलिंग करून घ्यावें. कोरड्या दिवसांत साखळी पुसण्यावर भर द्यावा, तेल हात राखून घालावें.

शेवटीं एक लहानसा उपाय सांगण्यासारखा आहे. घरांत दुधाचा आणि धोब्याचा हिशेब ठेवण्याची जशी चाल असे, तशी सायकलीची एक लहान वही ठेवावी. कोणत्या तारखेस किती तास सायकल चालली, साखळीचें माप काय आलें, कोणता भाग केव्हां बदलला, एवढ्या नोंदी पुरेत. वर्षभरानें त्या वहींत त्या घराला, त्या स्वाराला आणि त्या वाटांना लागू पडणारें उत्तर लिहिलेलें सांपडेल. "ही किती दिवस टिकेल ?" या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराला देतां आलें नव्हतें, कारण त्याला स्वाराच्या संवयी ठाऊक नव्हत्या, आणि वाटही ठाऊक नव्हती. घरच्या माणसांना दोन्ही ठाऊक असतात. पट्टी, फडकें आणि वही या तीन वस्तूंचा खर्च नवीन साखळीच्या किंमतीहूनही कमी येतो, आणि ज्या घरांतून मुलगा रविवारीं सकाळीं डोंगराकडे निघतो, त्या घरानें निदान तेवढा तरी खर्च अवश्य करावा.